‘एकही बॉम्बर गमावला नाही’: ३३२ व्या फायटर ग्रुपच्या दाव्याची कागदोपत्री तपासणी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ३३२ व्या फायटर ग्रुपने इटलीतून बॉम्बर विमानांना संरक्षण दिलं. या ग्रुपचे सगळे वैमानिक कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्या मस्टँग विमानांच्या शेपट्या लाल रंगवलेल्या होत्या. त्यांच्या रखवालीत असलेला एकही बॉम्बर शत्रूच्या विमानांना पाडता आला नाही, असं युद्ध संपायच्या आधीपासून सांगितलं जाऊ लागलं. पुढे साठ वर्षं ते भाषणांत, गौरवपत्रांत आणि शाळेच्या धड्यांत तसंच येत राहिलं. २००६ च्या अखेरीस या दाव्याला कागद आडवे आले. अमेरिकी हवाई दलाच्या इतिहास संशोधन संस्थेतले इतिहासकार डॅनियल हॉलमन यांनी दफ्तर उघडून एकेका मोहिमेचा हिशेब लावला. त्यांची बेरीज शेवटी २७ बॉम्बरवर येऊन थांबली.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात पानिपतच्या बखरी अस्सल पत्रांशी ताडून पाहिल्या, तेव्हापासून आपल्याकडच्या वाचकाला हा प्रकार नवा नाही. बखर शौर्य सांगते, पत्रात मात्र रसदीची ओरड असते. ३३२ व्या ग्रुपच्या बाबतीत मला पत्रांतली गोष्टच जास्त मोठी वाटते. एस्कॉर्ट, म्हणजे बॉम्बरना सोबत देणं, हे नेमकं काय काम होतं आणि या माणसांनी ते कोणत्या दडपणाखाली केलं, हे २७ चा हिशेब लावताना दिसतं. शून्य म्हटलं की प्रश्नच संपतो.

दडपण कुठून आलं

अमेरिकी लष्करात तेव्हा गोरे आणि काळे वेगळ्या तुकड्यांत असत. लष्कराच्या वॉर कॉलेजने १९२५ साली एका अहवालात कृष्णवर्णीय सैनिकांच्या बुद्धीवर आणि धैर्यावर शंका घेतली होती. विमान तर त्यांच्या आवाक्यातलं नाहीच, असा एकूण समज होता. राजकीय दबाव वाढल्यावर १९४१ मध्ये अलाबामातल्या टस्कीगी इथे प्रशिक्षण सुरू झालं आणि ७ मार्च १९४२ रोजी पहिले पाच वैमानिक बाहेर पडले. त्यांत बेंजामिन डेव्हिस ज्युनियर होते. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत असताना चार वर्षं वर्गातल्या गोऱ्या मुलांनी त्यांना वाळीत टाकलं होतं. कामापुरतं सोडून कोणी त्यांच्याशी बोलत नसे, खोलीत जोडीदार नाही, जेवणाच्या टेबलावर गप्पा नाहीत. तरीही ते १९३६ साली पदवी घेऊन बाहेर पडले. या माणसाचा पुढचा शिस्तीचा आग्रह समजायचा असेल, तर ही चार वर्षं लक्षात ठेवावी लागतात.

डेव्हिस यांच्या हाताखालची ९९ वी स्क्वाड्रन १९४३ च्या वसंतात उत्तर आफ्रिकेत पोहोचली. २ जुलै १९४३ रोजी बी-२५ बॉम्बरना सोबत देताना चार्ल्स हॉल यांनी सिसिलीवर त्यांचं पहिलं जर्मन विमान पाडलं. तरीही सप्टेंबरात वरून तक्रार गेलीच. ज्या ३३ व्या फायटर ग्रुपला ही स्क्वाड्रन जोडली होती, त्याचे प्रमुख विल्यम मोमायर यांनी लिहिलं की या वैमानिकांत आक्रमकपणा नाही आणि शत्रू अंगावर आला की त्यांची रचना मोडते. हा अहवाल शेरे घेत घेत वॉशिंग्टनपर्यंत चढला. ऑक्टोबर १९४३ मध्ये डेव्हिस यांना एका समितीपुढे उभं राहून आपल्या माणसांची बाजू मांडावी लागली. समितीपुढे एका स्क्वाड्रनचा प्रश्न होता, पण सगळा प्रयोगच गुंडाळला जाण्याची वेळ आली होती.

त्या वेळी दोन गोष्टी पथ्यावर पडल्या. जानेवारी १९४४ च्या अखेरीस इटलीतल्या अँझिओच्या किनाऱ्यावर ९९ व्या स्क्वाड्रनने दोन दिवसांत डझनभर जर्मन विमानं पाडली. शिवाय लष्कराने स्वतःच केलेल्या तुलनेत ही स्क्वाड्रन त्याच प्रकारची पी-४० विमानं उडवणाऱ्या इतर स्क्वाड्रन्सच्या बरोबरीची निघाली. तरी तक्रारीचे शब्द डेव्हिस विसरले असतील असं मला वाटत नाही. ‘रचना मोडते’ हा ठपका ज्यांच्यावर होता, त्यांच्याकडे आता असं काम येणार होतं ज्यात रचना धरून राहणं हेच सर्वस्व होतं.

एस्कॉर्ट म्हणजे काय

मे १९४४ च्या अखेरीस डेव्हिस यांच्या नेतृत्वाखालचा ३३२ वा ग्रुप अमेरिकेच्या इटलीतल्या पंधराव्या वायुसेनेत आला. सुरुवातीला १००, ३०१ आणि ३०२ या तीन स्क्वाड्रन्स होत्या, जुलैत ९९ वी येऊन मिळाली. तळ रामितेल्ली, एड्रियाटिक समुद्राच्या काठी. जमिनीवर भोकांच्या पोलादी पट्ट्या अंथरून केलेली धावपट्टी आणि राहायला तंबू, असा सगळा संसार. बॉम्बरचे तळ दक्षिणेला फोज्जाच्या परिसरात विखुरलेले होते. पंधराव्या वायुसेनेत सोबतीचं काम करणारे सात ग्रुप होते. तीन पी-३८ लढाऊ विमानं उडवायचे, चार मस्टँग. लांबून ओळख पटावी म्हणून मस्टँगच्या प्रत्येक ग्रुपच्या शेपटीचा रंग ठरलेला होता. ३१ व्याच्या पट्टेरी, ३२५ व्याच्या बुद्धिबळाच्या पटासारख्या, ५२ व्याच्या पिवळ्या. ३३२ व्याच्या वाट्याला लाल रंग आला.

मोहिमेचा दिवस असा जाई. बॉम्बर आधी उडत, कारण बॉम्ब आणि इंधनाने जड झालेली ती धुडं वर चढून रचना लावेपर्यंत बराच वेळ खात. लढाऊ विमानं मागून निघत आणि ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या मिनिटाला त्यांना गाठत. हे गाठणं हाच अर्धा धोका. ढगांमुळे पाच मिनिटं इकडची तिकडे झाली की सहा बॉम्बर ग्रुपांची मिळून झालेली विंग आकाशात मैलोन्‌मैल लांबलेली असे आणि तिचं शेपूट उघडं पडे. बॉम्बर मस्टँगच्या मानाने फार हळू चालत, त्यामुळे त्यांच्यावर राहून नागमोडी वळणं घेत जावं लागे. सरळ उडायचं म्हटलं तर ते मागे पडणार. एकच ग्रुप सगळी वाट सोबत करी असंही नाही. एक जण आत पोहोचवायचा, दुसरा लक्ष्यावर थांबायचा, तिसरा परत आणायचा. म्हणजे पाडलेला बॉम्बर कोणाच्या खात्यावर टाकायचा, हे तो कुठे आणि किती वाजता पडला यावर ठरतं.

मस्टँगच्या पंखांखाली इंधनाच्या जादा टाक्या लटकवलेल्या असत. लढाईला भिडायचं तर त्या आधी सोडून द्याव्या लागतात. शत्रूची चार विमानं लांबून दिसली, मस्टँगने टाक्या टाकल्या आणि त्यांच्या मागे लागलं, की ती चार विमानं न लढताच आपलं काम करून गेलेली असतात. तेवढं इंधन गेलं, मस्टँग आता लक्ष्यापर्यंत पोहोचत नाही आणि बॉम्बर एकटे पडतात.

डेव्हिस यांचा हुकूम याच जागी येतो. बॉम्बरना सोडून कोणाच्याही मागे जायचं नाही. शत्रू हल्ला करायला आला तर त्याला हुसकायचं, तो पळाला तर पळू द्यायचं आणि परत जागेवर यायचं. लढाऊ वैमानिकाला हा हुकूम गळी उतरवणं सोपं नाही. त्याची बढती, त्याचं नाव, वर्तमानपत्रातला फोटो हे सगळं पाडलेल्या विमानांवर ठरतं. इंग्लंडमधल्या आठव्या वायुसेनेत तर त्याच वर्षी जनरल डूलिटल यांनी उलट दिशा धरली होती. तिथे लढाऊ विमानांना जर्मनांचा पाठलाग करायला मोकळं सोडलं गेलं आणि जर्मन हवाई दलाचं कंबरडं मोडण्यात त्या निर्णयाचा मोठा वाटा होता. तेव्हा डेव्हिस यांचा मार्ग लष्करीदृष्ट्या एकमेव शहाणपणाचा होता, असं म्हणता येणार नाही. तो त्यांच्या परिस्थितीतून आलेला मार्ग होता. गोऱ्या ग्रुपने बॉम्बर गमावला तर तो त्या दिवसाचा तोटा. यांनी गमावला तर १९४३ चा अहवाल पुन्हा टेबलावर आला असता.

पदकाच्या मजकुरातला पुरावा

७ जून १९४४ पासून पंधराव्या वायुसेनेतल्या ग्रुपच्या मोहिमा सुरू झाल्या. तेव्हा विमानं पी-४७ होती, मस्टँग जुलैत आली. ९ जूनला लक्ष्य म्युनिकच्या भागात होतं. जर्मन लढाऊ विमानं मोठ्या संख्येने आली, ३३२ व्याने पाच पाडली आणि या कामगिरीसाठी डेव्हिस यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला.

या पदकाच्या आदेशातलं एक वाक्य सगळ्या वादाचा निकाल लावून टाकतं. शत्रूची संख्या मोठी असूनही डेव्हिस यांनी स्क्वाड्रन्स इतक्या कौशल्याने मांडल्या की बॉम्बरचं थोडंच नुकसान झालं, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. थोडंच, म्हणजे काही तरी झालंच. हॉलमन यांच्या यादीत त्या दिवसासमोर दोन बी-२४ बॉम्बर आहेत. म्हणजे ज्या मोहिमेने ग्रुपची कीर्ती सुरू झाली, त्याच मोहिमेच्या गौरवपत्रात नुकसान नोंदवलेलं आहे. ऑगस्ट १९४४ मधला हा आदेश कोणी लपवून ठेवलेला नव्हता. लोकांनी पदक पाहिलं, मजकूर वाचला नाही.

मेमिंगेन, १८ जुलै १९४४

यादीतला सर्वांत जड दिवस हा. २७ पैकी १५ बॉम्बर या एका दिवसाचे.

लक्ष्य होतं दक्षिण जर्मनीतला मेमिंगेनचा विमानतळ. पाचव्या बॉम्ब विंगचे बी-१७ बॉम्बर निघाले होते आणि ३३२ व्याला त्यांची सोबत दिली होती. वाटेत हवामान बिघडलं. विंगमधले ग्रुप एकमेकांपासून तुटले, काही परत फिरले. ४८३ व्या बॉम्ब ग्रुपचे २६ बी-१७ मात्र पुढे जात राहिले आणि जवळजवळ एकटेच मेमिंगेनवर पोहोचले. जर्मन लढाऊ विमानं तिथे वाट पाहत होती. २६ पैकी १४ पडले. उरलेल्यांनी लक्ष्यावर बॉम्ब टाकले आणि या ग्रुपला विशेष सामुदायिक सन्मान मिळाला. त्या सन्मानपत्रात लिहिलं आहे की हा ग्रुप लढाऊ विमानांच्या सोबतीशिवाय लढला.

त्याच दिवशी, त्याच आकाशात ३३२ वा ग्रुपही लढत होता. त्यांनी दहाहून अधिक जर्मन विमानं पाडली. क्लॅरन्स लेस्टर या तरुण वैमानिकाने एकट्याने तीन पाडली, तीही काही मिनिटांत. ग्रुपचे स्वतःचे तीन वैमानिक त्या दिवशी परतले नाहीत.

आता हे १४ कोणाच्या खात्यावर टाकायचे? सोबत मिळालीच नाही असं खुद्द बॉम्बर ग्रुपचं सन्मानपत्र म्हणतं. तर ज्या विंगची जबाबदारी दिली होती तिचेच हे बॉम्बर, असं मोहिमेचा आदेश म्हणतो. हॉलमन यांनी आदेश प्रमाण मानला आणि ते ३३२ व्याच्या खात्यावर टाकले. मला हा निवाडा कडक पण बरोबर वाटतो. रखवालदार वेळेवर पोहोचला नाही याचं कारण ढग असतील, आळस नसेल, पण जबाबदारीच्या नोंदीत कारणाचा रकाना वेगळा असतो. ज्यांना हा निवाडा मान्य नाही त्यांनी मेमिंगेनचे सगळे १५ वगळावेत. तरी १२ उरतात. दावा तेवढ्यानेही वाचत नाही.

उरलेले दिवस लहान आहेत. १३ जूनला एक बी-२४. १२ जुलैला दक्षिण फ्रान्सच्या मोहिमेत तीन बी-२४, आणि गंमत म्हणजे त्याच दिवशी ग्रुपच्या जोसेफ एल्सबेरी यांनी तीन जर्मन विमानं पाडली होती. २० जुलैला दोन, २४ ऑगस्टला एक. पुढचे सात महिने या यादीत एकही नाव नाही. दंतकथेला खतपाणी मिळालं असेल तर ते या सात महिन्यांतून. ऑगस्टअखेर ते मार्चपर्यंत ‘आम्ही एकही गमावला नाही’ असं तळावर कोणी म्हटलं असतं, तर तो आठवणीने खरंच बोलत असता.

बर्लिन आणि शिकागो, एकच तारीख

२४ मार्च १९४५ रोजी पंधराव्या वायुसेनेने बर्लिनवर धाड घातली. लक्ष्य होतं डाइमलर-बेन्झचा रणगाड्यांचा कारखाना. जाऊन-येऊन सुमारे १६०० मैल, म्हणजे मस्टँगच्या पल्ल्याची परीक्षाच. डेव्हिस यांच्या विमानात बिघाड झाल्याने त्यांना वाटेतून परतावं लागलं आणि नेतृत्व आर्मर मॅकडॅनियल यांच्याकडे आलं. जर्मनांची मेसरश्मिट २६२ ही जेट विमानं चालून आली. वेगात मस्टँग त्यांच्या जवळपासही नव्हतं. तरी रॉस्को ब्राउन, अर्ल लेन आणि चार्ल्स ब्रँटली यांनी प्रत्येकी एक जेट पाडलं. मॅकडॅनियल स्वतः पाडले गेले आणि युद्धकैदी झाले. या मोहिमेसाठी ३३२ व्या ग्रुपला सामुदायिक सन्मान मिळाला.

त्याच मोहिमेत त्यांच्या सोबतीतले तीन बी-१७ जर्मन विमानांनी पाडले.

आणि त्याच तारखेच्या अंकात ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या प्रमुख वर्तमानपत्रात बातमी होती की ३३२ व्या ग्रुपने दोनशे मोहिमांत एकही बॉम्बर गमावलेला नाही. त्याच महिन्यात एका मासिकानेही असंच छापलं होतं. संपादकांना दोष देण्यात अर्थ नाही. एकेका मोहिमेचे अहवाल तेव्हा गोपनीय होते. दुसरीकडे वाचक असे होते ज्यांची मुलं युरोपात लढत होती आणि ज्यांना गावी बसच्या मागच्या बाकावर बसावं लागत होतं. अशा वाचकापुढे ‘फार कमी गमावले’ हे वाक्य टिकत नाही, ‘एकही नाही’ टिकतं.

आख्यायिकेच्या वाटेने गेलेली दुसरीही एक गोष्ट आहे. २५ जून १९४४ रोजी ग्रुपच्या वैमानिकांनी ट्रिएस्टजवळ फक्त मशीनगनच्या माऱ्याने एक जर्मन युद्धनौका बुडवली, असं सांगतात. ती नौका टीए-२२ असावी असं बहुतेक मानतात. तिचं जबर नुकसान झालं, पण ती त्या दिवशी बुडाली नव्हती.

हिशेब कसा लावला

हॉलमन यांची पद्धत कोणत्याही तलाठ्याला पटेल अशी आहे, कागदाला कागद लावण्याची. पहिला कागद ३३२ व्याचा रोजचा मोहीम अहवाल. त्यात कोणत्या विंगला, कुठून कुठपर्यंत, किती वाजता सोबत दिली ते असतं. दुसरा पंधराव्या वायुसेनेचं त्या दिवसाचं बाड. त्यावरून त्या विंगमध्ये कोणते बॉम्ब ग्रुप होते ते कळतं. तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा, बेपत्ता विमानाचा अहवाल. विमान परतलं नाही की तो भरावा लागे: शेवटचं कुठे दिसलं, किती वाजता, कशामुळे पडलं, आत कोण होतं. तिन्ही जुळले आणि कारण शत्रूचं विमान असेल, तरच बॉम्बर यादीत येतो. विमानवेधी तोफांनी पाडलेले यात नाहीत, कारण तोफगोळ्यापुढे मस्टँग काहीच करू शकत नाही.

पंधराव्या वायुसेनेत ३३२ व्याने बॉम्बरच्या सोबतीच्या १७९ मोहिमा केल्या. त्यांतल्या सातच दिवशी बॉम्बर पडले. सोबतीचं काम करणाऱ्या इतर सहा ग्रुपांची सरासरी ४६ बॉम्बरची भरते. म्हणजे कडक निवाडा लावूनही लाल शेपट्यांचं नुकसान सरासरीच्या बरंच खाली आहे.

या तुलनेतून फार काही पिळून काढू नये, असं माझं मत. कोणत्या ग्रुपला कोणतं लक्ष्य मिळालं, जर्मनांनी त्या दिवशी कोणत्या विंगवर झडप घातली, हे नशिबावरही होतं. ३३२ वा ग्रुप उतरला तेव्हा जर्मन हवाई दलाचा कणा मोडत आला होता. पण पाडलेल्या विमानांचा आकडा सोबत ठेवला की चित्र बदलतं. जून १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात ३१ व्या ग्रुपने पावणेतीनशेच्या आसपास शत्रूची विमानं पाडली, ३२५ व्याने अडीचशेच्या आसपास. ३३२ व्याची ९४. इतर मस्टँग ग्रुपांत पाच किंवा अधिक विमानं पाडलेले ‘एस’ बरेच होते. इथे अधिकृत नोंदीप्रमाणे एकही नाही. ली आर्चर, एल्सबेरी आणि एडवर्ड टॉपिन्स हे तिघं प्रत्येकी चारवर थांबले. पुढे आर्चर यांनी पाडलेलं पाचवं विमान मुद्दाम मोजलं गेलं नाही, गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्यांना एस होऊ दिलं नाही, असंही पसरलं. कागदात त्याला आधार मिळत नाही.

मोमायर यांनी हेच आकडे पाहिले असते तर आक्रमकपणा नाही असंच म्हटलं असतं. बॉम्बरमधल्या माणसांना मात्र पाडलेल्या विमानांशी देणंघेणं नव्हतं, त्यांना खिडकीतून लाल शेपूट दिसत राहायला हवं होतं. १९४४ च्या डिसेंबरअखेर खराब हवामानामुळे काही बी-२४ रामितेल्लीवर उतरले आणि त्यांच्या गोऱ्या वैमानिकांना काही दिवस तिथेच अडकून पडावं लागलं. एरवी वेगळे ठेवलेले हे गोरे-काळे लोक तेवढे दिवस एकाच तंबूत झोपले आणि एकाच रांगेत जेवले, कारण दुसरी सोय नव्हती.

युद्धानंतर डेव्हिस यांनी ओहायोमधल्या लॉकबोर्न तळावर पुन्हा ३३२ व्याचं नेतृत्व केलं. २६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. पुढच्या वर्षी १ जुलैला ३३२ वा विसर्जित झाला आणि त्याचे वैमानिक व मेकॅनिक एकेक, दोनदोन करत आतापर्यंत गोऱ्यांच्या असलेल्या तुकड्यांत वाटले गेले.